वडगावातला पाव्हणा

निपाणीत माझ्या वयाचं कुणी भेटलं की थोड्या वेळानं बोलणं त्या सामन्यावर येतंच. सोबत एखादा तरुण असला तर त्याला मुद्दाम सांगितलं जातं, "ह्ये बघ, ह्यांनी बेळगावच्या बूटवाल्या पोरांना अनवाणी पायांनी हरवलंतं. शेवटची बास्केट ह्यांचीच." तो तरुण आधी माझ्या काठीकडं आणि मग माझ्याकडं बघतो. मी खाली बघून हसतो. माझ्या या खाली बघण्याला लोक साठेक वर्षं नम्रपणा समजत आले आहेत. आज लिहायला बसलो आहे तो त्यासाठीच. घरात मी यातलं कुणाला काही सांगितलेलं नाही. पत्नीलाही सांगितलं नाही, आणि आता ऐकायला ती नाही.

आमचं घर तंबाखूच्या वखारीमागच्या बोळात होतं. दादा, म्हणजे माझे वडील, त्या वखारीत तंबाखूची पारख करायचे. पोत्यात हात घालून मूठभर चुरा काढायचा, नाकाशी न्यायचा, बोटांत चोळायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. घरीही ते एका शब्दातच बोलायचे. सुगी संपून माल आला की दिवसभर बायका चाळण्या मारायच्या आणि त्या सर्र सर्र आवाजावरच आमची सकाळ व्हायची. आईनं पिण्याच्या पाण्याच्या घागरीवर दुहेरी फडकं बांधलेलं असायचं, भाकरीचं पीठ ती दार लावून मळायची, तरी भाकरीला तो वास यायचाच. पाव्हणे आले की आधी शिंकायचे आणि मग बोलायचे. आम्हाला काही वाटायचं नाही. पुढं बेळगावात वडगावच्या एका घरात पहिल्यांदा जेवताना भाकरीला नुसता भाकरीचा वास आला, तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

बास्केटबॉल आमच्या शाळेत आणला चौगुले मास्तरांनी. ते ड्रिल मास्तर. मद्रासकडं जाऊन व्यायामाचं शिक्षण घेऊन आले ते एक चामडी चेंडू आणि नियमांचं एक पातळ पुस्तक घेऊन. शाळेमागच्या माळावर त्यांनी दोन खांब पुरले, फळ्या ठोकल्या आणि बैलगाडीच्या चाकांना धावा बसवणाऱ्या लोहाराकडून दोन लोखंडी कड्या करून घेतल्या. लोहारानं माप कुठंतरी चुकवलं आणि कड्या चांगल्या दोन बोटं लहान झाल्या. महायुद्धाचे दिवस, लोखंड मिळत नव्हतं, मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." त्या लहान कडीत चेंडू घालून घालून आमचे हात असे बसले की पुढं बेळगावची कडी बघितल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "ह्यात तर घागर जातीय की रं." चेंडूचा ब्लॅडर महिन्यातून दोनदा फुटायचा. सायकल दुकानवाला त्याला ठिगळं लावून द्यायचा, त्यामुळं चेंडू एका बाजूला जड झाला होता आणि टप्पा घेतला की थोडा डावीकडं जायचा. आम्हाला त्याचीही सवय झाली. गावातले लोक संध्याकाळी माळाच्या कडेला उभे राहून आमच्याकडं बघायचे. बिनबुडाच्या टोपलीत चेंडू टाकायचा हा कसला खेळ, हे त्यांना कळायचं नाही. दादा एकदाच आले होते. पाच मिनिटं थांबले, "पडशील," म्हणाले आणि गेले.

मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षात असताना मास्तरांनी आमचा संघ जिल्ह्याच्या शाळांच्या सामन्यांना न्यायचं ठरवलं. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार होती. तवंदीच्या घाटात ती दमली आणि आम्ही सातही खेळाडूंनी उतरून ढकलली. बेळगावात पोचलो तेव्हा आमचे हात आणि तोंडं काळी होती. यजमान शाळा मोठी होती, दगडी इमारत, सारवलेलं मैदान, त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. तिथली पोरं कॅनव्हासचे बूट घालून सराव करत होती. बाहेरगावच्या संघांची राहायची सोय त्यांच्याच खेळाडूंच्या घरी केली होती. ज्याच्या त्याच्या नावापुढं पाव्हण्याचं नाव लिहिलेला कागद एका सरांनी वाचला. माझ्या वाट्याला आला मल्लाप्पा, त्यांच्या संघातला सर्वांत चांगला खेळाडू.

मल्लाप्पा काळासावळा, शेलाटा, माझ्यापेक्षा बोटभर उंच. सगळे त्याला मल्लू म्हणत. त्यानं पायांतले बूट काढले, नाड्यांनी एकत्र बांधले आणि खांद्यावर टाकले. "शाळंचं हाईत," तो म्हणाला, "वर्साच्या शेवटाला परत द्याय लागतात. रस्त्यात झिजवून कसं चालंल?" मग माझी वळकटी माझ्या हातातून ओढून घेत तो चालायला लागला. कॅम्पातल्या त्या शाळेपासून शहापूर ओलांडून वडगावपर्यंत आम्ही दोघं अनवाणी चालत गेलो. वाटेत त्यानं मला निपाणीविषयी हजार गोष्टी विचारल्या. सगळ्यांत जास्त तो हसला ते लहान कडीची गोष्ट ऐकून. "आसली कडी आमच्या मास्तरांस्नी सांगाय पायजे," तो म्हणाला.

त्यांचं घर विणकरांचं. दारातून आत गेलं की समोरच जमिनीत खड्डा आणि त्यावर माग. विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचा. खाली लाकडी पावड्या एकामागून एक दाबायच्या आणि वर हातानं धोटा या टोकाकडून त्या टोकाकडं मारायचा. गल्लीतल्या प्रत्येक घरात हेच चाललेलं, त्यामुळं खट् खटाक् असा आवाज सगळ्या वडगावातून एकदम उठायचा. मल्लूच्या वडिलांना, आप्पांना, दमा होता. ते दोन तास विणायचे आणि चार तास भिंतीला टेकून बसायचे. मल्लू पहाटे उठून शाळेची वेळ होईपर्यंत आणि संध्याकाळी परत आल्यावर मागावर बसायचा. सूत सरकारी नियंत्रणाखाली होतं. मिळालं की ते ठरल्या दिवसांत लुगडी विणून परत द्यावं लागायचं, नाहीतर पुढच्या वेळी यादीत नाव खाली जायचं. घर खरं म्हणजे मल्लूच्या पायांवर चाललं होतं, हे मला त्या तीन दिवसांत कुणी न सांगता कळलं होतं. कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहितो.

त्याची आई, अव्वा, थोडं कानडी थोडं मराठी बोलायची. माझ्या ताटात ती भात वाढायची. रेशनचे दिवस, तांदूळ मोजून मिळायचा. बाकी सगळ्यांच्या ताटात जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. मी म्हणालो, मलाही भाकरीच द्या. ती म्हणाली, "पाव्हणा हाईस लेकरा. बस की गप." मल्लूची धाकटी बहीण गौरा तेव्हा मुलींच्या शाळेत सातवीत होती. त्या वर्षी तिची फायनल होती. ती परीक्षा पास झालं की मुलींना मास्तरीण होता यायचं. ती चुलीपुढं बसून पुस्तक वाचायची आणि एका हातानं सूत कांडीवर गुंडाळायची. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यापुढं त्रैराशिकाचं एक गणित टाकलं. मी ते मोठ्या ऐटीत सोडवलं. तिनं बघितलं, जराशानं म्हणाली, "चुकलासा," आणि कुठं चुकलं ते दाखवलं. मल्लू मागावरून इतका हसला की धोटा खाली पडला.

सकाळी मागावरून उठला की मल्लू मला परसात न्यायचा. चिंचेच्या फांदीला त्यानं तळ काढलेली एक बुट्टी, म्हणजे टोपली, टांगली होती. तिच्यात आम्ही कापडाचा चेंडू टाकायचो. तो उडायचा तेव्हा हवेत क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा. मी विचारलं, कसं जमतं? त्यानं लगेच सांगितलं. "पावडी दाबून दाबून माझा डावा पाय लई बळकट झालाय बघ. मी दरवेळी डाव्यावर उडतोय आन् डाव्यावरच उतरतोय. उजवा नुसता संगतीला. तू कुठल्या पायावर उडतोस?" मी कधी विचारच केला नव्हता. त्यानं मला चार-पाच वेळा उडायला लावलं, बघितलं आणि म्हणाला, "तू दोनीवर उडालास, म्हणून खाली ऱ्हातोस. एकावर उड." त्या दिवशी दुपारच्या सामन्यात मी एका पायावर उडालो आणि आयुष्यात कधी खेळलो नव्हतो तसा खेळलो. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. ज्यांच्याकडं कुणी बघतही नव्हतं ती निपाणीची काळ्या तोंडाची पोरं दोन संघ हरवून अंतिम सामन्यात गेली. मल्लूची शाळा तिथं आधीच पोचली होती.

अंतिम सामन्याच्या सकाळी अव्वानं आम्हा दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवून कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, "दोघंबी जिंकून या." गौरा म्हणाली, "अव्वा, दोघं कशी जिंकतील?" अव्वानं तिला हातानंच गप्प केलं.

मैदानाभोवती इतकी माणसं मी कधी बघितली नव्हती. कॅम्पातले लोक, दोन-तीन गोरे सोजीर, शाळेची सगळी पोरं. आमच्या बाजूनं ओरडणारे फक्त चौगुले मास्तर आणि मोटारचा ड्रायव्हर. मल्लूला अडवायचं काम माझ्याकडं होतं. पहिल्या अर्ध्यात त्यानं मला नाचवलं. मी डावीकडं गेलो की तो उजवीकडून जायचा, मी हात वर केला की तो खालून निघायचा. लोक हसायला लागले. मध्यंतरात मास्तरांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला. दुसऱ्या अर्ध्यात मात्र आमची लहान कडीवरची नजर कामाला आली. लांबून टाकलेले चेंडूही आत जायला लागले. लोकांचं हसणं थांबलं. मग तेच लोक आमच्यासाठी ओरडायला लागले. अनवाणी पोरं, मळके सदरे, आणि मोठ्या शाळेच्या बरोबरीनं खेळताहेत, कुणाला आवडणार नाही? शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही फक्त एका गुणानं मागं होतो.

आमच्यातल्या एकानं चेंडू टाकला, तो फळीवर आपटून वर उडाला. मल्लू त्यासाठी उडाला. मी त्याच्या शेजारीच होतो. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की जे झालं ते गर्दीत झालं, पाय कुठं पडला ते कळलं नाही. ते खरं नाही. तो उडाला तेव्हा मी आधी पंचांकडं बघितलं. पंच पलीकडच्या बाजूला होते आणि आमच्या उंच पोराच्या पाठीआड त्यांचा चेहरा झाकला होता. मग मी खाली बघितलं. मल्लूचा डावा पाय जिथं उतरणार होता ती जागा मला ठाऊक होती, त्यानंच दाखवली होती. मी तिथं माझा पाय सरकवला आणि टाच घट्ट रोवली.

तो उतरला. माझ्या पायावर त्याचा पाय वाकडा पडला आणि त्याचा गुडघा आत वळला. आवाज मी ऐकला, बाकी कुणी ऐकला असेल असं वाटत नाही. चेंडू त्याच्या हातातून सुटून रेघेबाहेर गेला. शिट्टी वाजली. तो मातीत पडला होता आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून दात आवळत होता. सगळ्यांत आधी मी वाकलो. "मल्लू, लागलं काय रं?" असं मी विचारलं. माझ्या तोंडून हे वाक्य इतक्या सहज निघालं की आज ते आठवलं तरी मला माझी घाण वाटते. पाय सरकवला तो एका क्षणात. वाकून विचारायला मात्र मला चांगला वेळ मिळाला होता आणि तेवढ्या वेळात मी खरं बोलू शकलो असतो.

त्याला उचलून कडेला नेलं. त्याच्या जागी आलेला पोरगा घाबरला होता. आम्ही लागोपाठ दोन बास्केट केल्या. दुसरी माझी, बाजूच्या रेघेवरून, एका पायावर उडून. सामना संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा ड्रायव्हरनं मला खांद्यावर घेतलं. चौगुले मास्तर रडत होते. रागीट माणूस, मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना बघितलं नाही. वरून मला मल्लू दिसला. कुणाच्या तरी आधारानं एका पायावर उभा राहून तो टाळ्या वाजवत होता.

मोटार दुसऱ्या दिवशी सकाळची होती आणि माझी वळकटी वडगावला. मी मास्तरांना म्हणालो, मी आज शाळेतच झोपतो. ते म्हणाले, "ज्यांच्या घरचं तीन दिवस खाल्लास त्यांस्नी न सांगता जाणार? जा." मल्लूला टांग्यातून नेलं आणि त्याच टांग्यात मला बसवलं. तो गुडघा धरून बसला होता, आणि मी त्याचे बूट. घरी अव्वानं आंबेहळद उगाळून गरम लेप घातला. मी विजयी संघातला, म्हणून आप्पांनी भिंतीला टेकल्या टेकल्या मला "शाब्बास" म्हटलं. त्या संध्याकाळीही माझ्या ताटात भात आला. मी खाल्ला.

सकाळी बेळगुंदीचे एक हाडवैद्य आले. बाजाराला आले होते, कुणीतरी बोलावून आणलं. पांढऱ्या मिशांचा शेतकरी माणूस. त्यांनी गुडघा चाचपला, मान हलवली आणि मला म्हणाले, "तू दांडगा दिसतोस. खांदं धर त्येचं." मी मल्लूच्या मागं बसलो आणि त्याचे खांदे धरले. अव्वानं त्याच्या दातांत पदराचा बोळा दिला. म्हाताऱ्यानं पाय ओढला तेव्हा मल्लूनं मागं हात घालून माझं मनगट पकडलं. त्याची नखं माझ्या कातडीत रुतली. मला वाटलं, आता सांगावं. त्याच वेळी आप्पांनी विचारलं, "मागावर कवा बसंल?" हाडवैद्य म्हणाले, "दोन म्हैनं तर हलायचं न्हाय. त्याच्या म्होरं बघू. नस तुटल्याली दिसतीय." मागावर अर्धं लुगडं ताणलेलं होतं. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. मग गौरा उठली, पुस्तक कोनाड्यात ठेवलं आणि खड्ड्यात पाय सोडून बसली. तिचे पाय पावड्यांना जेमतेम पोचत होते. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं हे, आणि मला त्यातलं काहीही कळलं नाही. मी मल्लूच्या गुडघ्याकडं बघत होतो.

अव्वानं वाटेसाठी भाकरी-चटणी बांधून दिली. मल्लू म्हणाला, "फुडच्या वर्साला आमी निपाणीला येतो बघ. तुमच्या बारक्या कडीवर हरवतो तुमास्नी." मी "ये की" म्हणालो.

निपाणीत आमची मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल, वखारीतल्या बायका चाळण्या टाकून रस्त्यावर आलेल्या. वखारीच्या दारात दादा उभे होते. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "माझा पोरगा." दोन शब्द. त्यांच्याकडून मला मिळालेले तेवढेच. सांगण्याची माझी वेळ खरी त्या हाताखाली गेली. त्यानंतर प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. पुढं चौगुले मास्तरांनी खटपट करून मला व्यायामाच्या शिक्षणाला पाठवलं आणि मी त्याच शाळेत ड्रिल मास्तर झालो. उडालेल्या गड्याच्या पायाखाली कुणाचा पाय गेला की मी त्याला त्या दिवशी परत मैदानात येऊ देत नसे. पोरं आपसात म्हणायची, सर एवढ्या एकाच चुकीला का चिडतात? हे जे माझं आयुष्य झालं, नोकरी, मान, लोकांचं नमस्कार करणं, ते सगळं त्या एका सामन्यातून आलं.

मी वडगावला गेलो तो मॅट्रिकचा निकाल लागल्यावर, जवळजवळ सहा महिन्यांनी. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मल्लू घरी नव्हता. शहापुरातल्या एका सुताच्या दुकानात तो बसायला लागला होता. आप्पा झोपले होते, अव्वा पाण्याला गेली होती. मागावर गौरा होती. लुगडं नेसलेली, एकदम मोठी दिसत होती. ती विणता विणताच बोलली. मल्लूचा पाय बरा झाला होता, पण गुडघा पुरता वळत नव्हता. चालताना लंगडायचा, पावडी दाबली की कळ यायची. मला राहवलं नाही. मी तिलाच सगळं सांगितलं. पंचांकडं बघितलं तेही सांगितलं.

तिचा हात थांबला नाही. लुगड्याची बोटभर पट्टी विणून झाली असेल, तेव्हा ती म्हणाली, "आण्णाला सांगाय आलासा?" मल्लूला ती आण्णा म्हणायची.

"व्हय."

"सांगू नगासा."

तिनं पावडी दाबली, धोटा पलीकडं मारला.

"आण्णा म्हणतोय, माझाच पाय चुकला. त्याला त्ये पटलंय. लोकास्नी सांगतोय, निपाणीचं पोरगं माझं दोस्त हाय म्हणून. तुमाला हलकं वाटावं म्हणून त्याला कशाला जड करतासा?"

एवढ्यात मल्लू आला. लांबूनच त्याच्या चालण्याचा एक आवाज मोठा आणि एक लहान ऐकू येत होता. मला बघून त्यानं अशी आरोळी मारली की आप्पा जागे झाले. त्यानं मला हाताला धरून गल्लीतल्या चार घरांत फिरवलं. "ह्येनंच हरवलंतं आमास्नी," असं तो प्रत्येक दारात सांगत होता आणि जणू आपणच जिंकल्यासारखा हसत होता. मी जेवलो. त्याला काही बोललो नाही. गौरानं सांगितलं म्हणून बोललो नाही असं मी तेव्हापासून म्हणत आलो, पण तिनं तसं सांगितल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

त्यानंतर मल्लूची आणि माझी भेट सात-आठ वेळा झाली असेल, लग्नांत, बाजारात, एकदा बेळगावच्या दवाखान्यात. त्याचं लग्न झालं, पोरं शिकली, त्यानं स्वतःचं सुताचं दुकान काढलं. शेवटपर्यंत तो लंगडत होता आणि शेवटपर्यंत मला दोस्त म्हणत होता. तो गेल्याचं मला उशिरा कळलं. मी नातवाला घेऊन वडगावला गेलो. आता त्या गल्लीत सगळे यंत्रमाग, बोललेलं ऐकू येत नाही. गौराक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिनं लग्न केलं नव्हतं. घरचा माग तिनंच चालवला होता, डोळे जाईपर्यंत. मी नातवाला बाहेर बसवलं आणि तिच्याजवळ गेलो.

"गौराक्का," मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं, मी त्याला शेवटपर्यंत बोललो नाही. पण त्याच्या पायाचं माझ्या मनातून एक दिवस..."

"आण्णाच्या पायाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आण्णा लंगडत लंगडत सगळं करून गेला. तुमी मागं आलासा तवाबी त्याच्या पायाचंच बोललासा, आज आलासा तरी त्येच. माझ्याफुडं बसून सगळं सांगितलासा तुमी, आन् मी धोटा मारत हुते. माझी फायनल हुती त्या वर्साला. गौरा, तू हितं कशी, शाळा कुठं गेली तुझी, आसं एकदा तरी ईचारलासा काय?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं तोंड माझ्या दिशेनं केलं. तिला मी किती दिसत होतो कोण जाणे. मग तिनं भाच्याच्या बायकोला हाक मारली आणि चहा टाकायला सांगितलं. "पिऊन जावा," ती मला म्हणाली आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. मी चहा पिऊन उठलो, नमस्कार केला. तिनं मान हलवली की नाही, ते मला कळलं नाही.